बी.ए. इतिहासाची किंमत किती? हिशोब पदवीनंतरच्या वर्षांचा मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित कॉलेजात टी.वाय.बी.ए., विषय इतिहास, आतापर्यंत ६४ टक्के. घरी अडीच एकर शेती. वडील म्हणतात, या पदवीला बाजारात भाव नाही. एम.ए. करावं, बी.एड. करावं की पुण्याला जाऊन एमपीएससी? आणि या पदवीची पैशात नेमकी किंमत किती?

वडिलांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. इतिहासाची पदवी आहे म्हणून कुणी पगार देत नाही. औषधाच्या दुकानाला फार्मासिस्ट लागतोच, तशी इतिहासवाल्यावाचून अडणारी जागा बाजारात जवळपास नाही. ज्या आहेत त्या पुराभिलेख, पुरातत्त्व, वस्तुसंग्रहालयं आणि कॉलेजातलं अध्यापन यांत. तिथे नुसतं बी.ए. चालत नाही आणि जागाही बोटांवर मोजण्याइतक्या निघतात. उरलेलं निम्मं असं की ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असलेल्या जागा भरपूर आहेत, आणि त्यांचं दार तुम्ही फार स्वस्तात उघडलेलं आहे. अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी वर्षाला काही हजार. एसटीचा पास, पुस्तकं, परीक्षा फॉर्म धरले तरी तीन वर्षांचा सगळा खर्च चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे सहसा जात नाही. (हाच विषय खासगी विद्यापीठात काही लाख रुपये वर्षाला भरून शिकणाऱ्याचा हिशोब वेगळा, तो इथे घेत नाही.)

म्हणजे पदवीत पैसे अडकलेले नाहीत. पैसे अडकतात ते पदवीनंतरच्या तीन-चार वर्षांत. एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षापर्यंत तुम्ही काय करता, त्यासाठी घरून किती पैसे येतात आणि तेवढ्या काळात कमाई किती बुडते, यावर सगळं ठरतं. म्हणून मी पदवीच्या किमतीऐवजी त्या वर्षांची किंमत मांडतो.

उत्तर चार गोष्टींप्रमाणे बदलेल, त्या आधीच सांगून ठेवतो. घरून कमाईशिवाय किती महिने निभावेल. तुमचा प्रवर्ग कोणता, कारण वयोमर्यादा, टक्क्यांची अट आणि फेलोशिप तिन्ही त्यावर अवलंबून. इंग्रजी पुस्तक न अडखळता वाचता येतं का. आणि राहतं गाव सोडायची तयारी आहे का. या चार गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, त्यामुळे खाली जिथे फरक पडतो तिथे तसं नमूद केलं आहे.

सुरुवात एमपीएससीपासून, कारण सर्वांत जास्त पैसा आणि वय तिथेच जातं.

पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहायचं तर साडेतीन ते साडेचार हजार, दोन वेळच्या मेसचे तीन-साडेतीन हजार, अभ्यासिकेचे हजार-दीड हजार, आणि चहा-नाश्ता, झेरॉक्स, फोन, गावी येणं-जाणं यांचे दोन-अडीच हजार. सगळं वरच्या आकड्याने धरलं तर महिन्याला १२,००० रुपये. तीन वर्षांचे झाले ४ लाख ३२ हजार. क्लास आणि टेस्ट सिरीज मिळून ९०,००० धरा. एकूण सव्वापाच लाख. याच काळात १५,००० रुपयांची साधी नोकरी केली असती तर ५ लाख ४० हजार मिळाले असते, तेही गेले. म्हणजे तीन वर्षांची खरी किंमत साडेदहा लाखांच्या वर जाते. अडीच एकराच्या घराला ही रक्कम काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

समोरच्या पारड्यात काय आहे तेही बघा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लिपिक-टंकलेखकाचं मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होतं, तलाठ्याचं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, २५,५०० पासून, आणि पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी, नायब तहसीलदार यांचं ३८,६०० पासून. तहसीलदार ५५,१००, उपजिल्हाधिकारी ५६,१००. यावर महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्याहून जास्त, शिवाय घरभाडे भत्ता. त्यामुळे ३८,६०० वाल्याच्या हातात सुरुवातीलाच पन्नास-साठ हजारांच्या घरात पडतात. खासगीतल्या पंधरा-वीस हजारांशी तुलना केली तर महिन्याला चाळीस हजारांचा फरक. साडेदहा लाख सव्वादोन वर्षांत वसूल होतात. पद मिळालं तर याच्याइतका किफायतशीर सौदा दुसरा नाही.

घोडं ‘मिळालं तर’पाशी अडतं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाचं परीक्षा शुल्क एक हजार रुपये. अर्ज भरणारे सगळेच अभ्यास करतात असं नाही, पण अभ्यास करणाऱ्यांतलेही बहुतेक बाहेर राहतात हे सांगायला आकडेमोड लागत नाही.

म्हणून माझा सल्ला: परीक्षा द्या, पण पुण्याला लगेच जाऊ नका. पूर्वपरीक्षेचा अभ्यास तालुक्याच्या अभ्यासिकेत होतो. घरी राहून महिन्याला तीन हजारांत भागतं, तीन वर्षांचे एक लाख आठ हजार. पूर्व उत्तीर्ण झालात तर मुख्य परीक्षेच्या तोंडावर पाच-सहा महिने पुण्यात काढा, तिथे उत्तरलेखन तपासून घेण्यासाठी पैसे खर्च केले तर ते कारणी लागतात.

इतिहासवाल्यांची इथे नेहमी चूक होते ती अशी. ‘इतिहास माझा पक्का आहे’ या भरवशावर राहतात. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या १०० प्रश्नांत इतिहासाचे पंधराच्या आसपास. आणि दुसरा पेपर, सीसॅट, ८० प्रश्न, २०० गुण, त्यात ३३ टक्के म्हणजे ६६ गुण लागतातच. ते मिळाले नाहीत तर पहिला पेपर कितीही चांगला गेला तरी निकालात नाव नाही. बारावीनंतर गणिताला हात न लावलेली मुलं इथेच पडतात. तेव्हा पहिले तीन महिने इतिहासाचं पुस्तक बंद ठेवा. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, बुद्धिमत्ता आणि उताऱ्यावरचे प्रश्न करा.

पदवीचा खरा फायदा मुख्य परीक्षेत आहे, आणि तो हल्लीच वाढला आहे. राज्यसेवा मुख्य आता यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, पण फक्त पात्रतेसाठी. गुणवत्तेला धरले जाणारे १,७५० गुण, त्यात वैकल्पिक विषयाचे ५००. मुलाखत २७५. म्हणजे एकूण २,०२५ पैकी ५०० गुण तुम्ही तीन वर्षं शिकलेल्या विषयाचे असू शकतात, शिवाय सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरातही इतिहास आहेच. पण आपल्याकडच्या बी.ए.त मराठ्यांचा इतिहास आणि आधुनिक भारत यांवर भर असतो. प्राचीन भारत, आर्थिक-सामाजिक इतिहास, जगाचा इतिहास हे भाग कच्चे राहतात आणि त्यांची चांगली पुस्तकं बहुतांशी इंग्रजीत आहेत. यूपीएससीच्या इतिहासाच्या पहिल्या पेपरात ५० गुण नुसत्या नकाशावरच्या स्थळांना असतात. हडप्पाकालीन स्थळं, शिलालेखांची गावं नकाशावर दाखवून दोन ओळी लिहिणं बी.ए.त कुणी करून घेत नाही. तेवढी तयारी वेगळी धरा.

थांबायची तारीख आजच लिहून ठेवा. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. इतकं लांब टोक असलं की माणूस ‘अजून एक अटेम्प्ट’ करत तिशी ओलांडतो. पोलीस उपनिरीक्षकाला मात्र खुल्या प्रवर्गात ३१ लाच दार बंद होतं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. माझी मोजपट्टी साधी आहे: पूर्णवेळ अभ्यास करून दोन पूर्वपरीक्षा दिल्या आणि दुसऱ्या खेपेलाही कट-ऑफपासून दहा-बारा गुणांपेक्षा लांब राहिलात, तर पूर्णवेळ अभ्यास थांबवायचा. नोकरी करत परीक्षा देत राहायला हरकत नाही.

आता शिक्षकी पेशा. घरच्यांना हा रस्ता सुरक्षित वाटतो. पगार खरोखर चांगला आहे, पण तो कधीपासून सुरू होतो ते कुणी मोजत नाही.

बी.ए.नंतर बी.एड.ची सीईटी, दोन वर्षांचं बी.एड., मग शिक्षक अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट. हिच्यात आणि शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, लोक गल्लत करतात. टीईटी पहिली ते आठवीसाठी पात्रता ठरवते. अभियोग्यता चाचणीच्या २०० गुणांवर पवित्र पोर्टलची, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळाची, यादी लागते. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून माध्यमिकच्या सेवकाला महिना १८,००० रुपये मानधन आहे, प्राथमिकला १६,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला २०,०००. माध्यमिकची तीन वर्षं म्हणजे ६ लाख ४८ हजार. त्यानंतर ३८,६०० च्या वेतनश्रेणीत याल. एकविसाव्या वर्षी बी.ए., तेविसाव्या वर्षी बी.एड., भरतीची वाट पाहण्यात एक-दोन वर्षं, तीन वर्षं सेवक. पूर्ण पगार हातात येईपर्यंत वय सत्तावीस-अठ्ठावीस. हे चालणार असेल तर रस्ता चांगला आहे. लग्न, कर्ज, लहान भावंडांचं शिक्षण तोवर थांबणार नसेल तर विचार करा.

बी.एड.ला दोन अध्यापन पद्धती निवडाव्या लागतात. इतिहास आणि मराठी ही जोडी सगळेच घेतात, म्हणून तिची गर्दी. शाळेत इतिहासाच्या तासिका मुळात कमी, त्यामुळे मुख्याध्यापकाला इतिहासाबरोबर इंग्रजी किंवा भूगोल शिकवणारा माणूस हवा असतो. इंग्रजी झेपत असेल तर ‘इतिहास-इंग्रजी’ घ्या.

आणि संस्थेत ‘डोनेशन’ भरून जागा घ्यायचा विचार कुणी घरी मांडला तर आधी कागद मागा. जागा अनुदानित आहे, अंशतः अनुदानित की विनाअनुदानित? संचमान्यतेत, म्हणजे शासनाने शाळेला मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, ते पद आहे का? शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता कधी मिळणार? शालार्थ आयडी, म्हणजे शासनाच्या पगारप्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक, मिळाल्याशिवाय शासनाचा पगार बँकेत येत नाही, आणि पाच-पाच वर्षं त्या आयडीची वाट पाहत फुकट शिकवणारे शिक्षक राज्यभर आहेत. २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा नोकरीला लागलेल्यांवरही बालंट आलं. शेत विकून अशी जागा घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

एम.ए. करावं का? ‘पुढे काय ते ठरेना म्हणून एम.ए.’ असेल तर नको. नेट-जेआरएफ, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, डोळ्यांसमोर असेल तर जरूर करा, कारण इतिहास या विषयातून थेट मिळणारी सर्वांत मोठी रक्कम तीच आहे. जेआरएफ महिना ३७,००० रुपये, पहिली दोन वर्षं. पुढे एसआरएफ ४२,०००, तीन वर्षं. दोन्ही मिळून पाच वर्षांत चोवीस लाख, घरभाडं वेगळं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत; तुमचा प्रवर्ग त्यांत बसत असेल तर जाहिरातीवर लक्ष ठेवा, मात्र हप्ते वेळेवर येतील असं धरून घरभाड्याचा करार करू नका.

नेटच्या बाबतीत काही बारकावे. एम.ए.ला ५५ टक्के लागतात आणि ५४.९ चे ५५ करत नाहीत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग यांना ५० चालतात. ईडब्ल्यूएसला ही सवलत नाही. जेआरएफला खुल्या प्रवर्गात वय ३०, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षं सूट. नुसत्या सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, तिथे इतिहासाचा पेपर मराठीतूनही सोडवता येतो, पण सेटला फेलोशिप नाही.

सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून. ऐकायला छान, पण पूर्णवेळ जागा निघतात कधी आणि भरल्या जातात कशा, हे तुमच्याच कॉलेजातल्या तासिका तत्त्वावरच्या सरांना विचारा. तासाला हजाराच्या आसपास, आठवड्याला आठ-नऊ तास, म्हणजे कागदावर महिन्याला तीस-पस्तीस हजार दिसतात. प्रत्यक्षात वर्षाचे आठ-नऊ महिनेच काम, सुट्ट्यांचे पैसे नाहीत आणि बिल निघायला कधी कधी दिवाळीची दिवाळी जाते. दरवर्षी नव्याने मुलाखत. पीएच.डी. झालेली चाळिशीतली माणसं यात अडकलेली आहेत. फेलोशिप असेपर्यंत संशोधन करा. ती संपल्यावर तासिकेवर किती वर्षं काढायची याचीही तारीख आधी ठरवा.

तुमची बॅच नव्या शैक्षणिक धोरणाची असेल तर तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स, आणि मग एम.ए. एका वर्षाचं. एकूण काळ सारखाच. तुमच्या कॉलेजला चौथ्या वर्षाची मान्यता आहे का आणि त्या वर्षाला इतिहासाचे किती शिक्षक आहेत, एवढं विचारून ठरवा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण वडिलांच्या ‘भाव नाही’ला ज्यात थोडं उत्तर आहे, त्या मोडी लिपीबद्दल.

महाराष्ट्रातली गेल्या शतकाच्या मध्यापर्यंतची जमिनीची, जातीची, वारसाची असंख्य कागदपत्रं मोडीत आहेत. पुण्याचं पेशवे दफ्तर, कोल्हापूरचं पुरालेखागार ही मोठी नावं झाली. पण मोडी कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि लोकांच्या माळ्यावरच्या पेट्यांतही आहेत. २०२३ पासून न्या. शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, हक्क नोंदपत्रक, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ हे सगळं उघडून वाचायची वेळ आली. तेव्हा कळलं की वाचणारे किती कमी आहेत. ही मागणी उद्या थोडी ओसरेल, पण जमिनीचे वाद, इनाम-वतनाचे कागद, देवस्थानच्या सनदा हे काम चालूच राहतं.

शिकायला फार खर्च नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग घेतं. बाराखडी आणि छापील उतारे दहा-पंधरा दिवसांत येतात. तिथे लोक थांबतात आणि स्वतःला मोडी येते म्हणवून घेतात. हस्तलिखित कागद वाचायला रोज तासभर धरून वर्ष लागतं. कारण मोडीत शब्द सलग लिहिलेले, तोडायचे कुठे ते अर्थावरून ठरतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. त्याहून जास्त चुका तारखांत होतात. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन. दख्खनी फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि तो सन अंकांत न लिहिता अरबी शब्दांत: इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, पानिपताचं साल. वर्ष कुठल्या महिन्यात बदलतं हे न पाहता सरसकट एकच आकडा मिळवला की कागद एक वर्षाने चुकतो, आणि वारसाच्या दाव्यात एक वर्ष पुष्कळ झालं.

यातून पैसे कसे? लिप्यंतराचा दर पानावर ठरतो. दर सांगण्याआधी आपल्याला पानाला वेळ किती लागतो ते घड्याळ लावून मोजा. पानाला ३०० रुपये घेतले आणि अडीच तास लागले तर ताशी १२० पडले. हात बसून तेच पान पाऊण तासात होऊ लागलं तर ताशी ४००. फाटका, पुसट, झेरॉक्सची झेरॉक्स असलेला कागद वेगळ्या दराने घ्यायचा. सरकारी किंवा न्यायालयीन कामासाठी कागद असेल तर आधी पक्षकाराला विचारायला लावा की त्या कार्यालयाला कुणाचं लिप्यंतर चालतं. शासनमान्य वाचकाचंच लागत असेल तर तुमची मेहनत वाया आणि पक्षकाराशी वाद. सुरुवातीला हा जोडधंदा धरा. नुसत्या मोडीवर घर चालवणारी माणसं थोडी.

मात्र हीच मोडी एलएल.बी.ला जोडली तर किंमत बदलते. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के पुरतात, सीईटी द्यावी लागते. जमिनीचे जुने टायटल तपासणारा, फेरफार आणि इंडेक्स दोन (नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा) यांच्या मागे जाऊन मूळ मोडी कागद स्वतः वाचणारा वकील तालुक्याला क्वचित सापडतो. पहिली दोन-तीन वर्षं ज्युनिअरला पाच-दहा हजारांवर समाधान मानावं लागतं, ते सोसता आलं पाहिजे. तुमच्यासारख्या शेतकरी घरातल्या मुलाला सातबारा समजावून सांगावा लागत नाही, ही जमेची बाजू.

बाकीचे रस्ते झटकन सांगतो. पुरातत्त्वाला पुण्याचं डेक्कन कॉलेज. वस्तुसंग्रहालयशास्त्राला बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. अभिलेख व्यवस्थापनाला दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा. तिन्हीकडे शिक्षण उत्तम, कायम जागा कमी, कंत्राटी काम जास्त. बाहेर कुठेही जायची तयारी असेल तरच. बँकेच्या परीक्षेत इतिहासाचा उपयोग शून्य, पण पदवी चालते आणि अधिकाऱ्याचं मूळ वेतन ४८,४८० पासून आहे. वर्षाला ठरावीक वेळी परीक्षा होते आणि निकाल लागतो, हा एमपीएससीच्या तुलनेत मोठा गुण. गणिताची भीती गेली असेल तर ही परीक्षा सोडू नका.

वारसा फेऱ्या आणि किल्ले दाखवणं याचं हल्ली आकर्षण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रात, एक तमिळनाडूत जिंजी. प्रतापगड तुमच्याच जिल्ह्यात. पंधरा जणांकडून ४०० रुपये घेतले तर एका फेरीचे सहा हजार होतात. पण पंधरा जण दर रविवारी जमत नाहीत, दोन-तीन जण ऐनवेळी येत नाहीत, आणि केंद्र संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय मार्गदर्शकाचं काम करता येत नाही. वर्षाला पंचवीस फेऱ्या, सरासरी दहा माणसं धरा: एक लाख. नोकरीच्या जोडीला बरे पैसे, नोकरीऐवजी नाही. आणि मावळ्यांच्या संख्या फुगवून सांगितल्या की टाळ्या मिळतात, पण गटात एक जरी वाचलेला माणूस असला की पुढची फेरी रिकामी जाते.

तर तुमच्याबाबतीत. तिसऱ्या वर्षात विषय बदलून बी.कॉम.ला जायचा विचार मनात असेल तर तो सोडा, दोन वर्षं फुकट जातील. ६४ टक्के बी.एड., एलएल.बी., एम.ए. तिन्हींना पुरेसे आहेत. निकालापर्यंतच्या महिन्यांत दोन कामं उरका. एक, टंकलेखनाची शासकीय संगणक परीक्षा: मराठी ३० शब्द प्रतिमिनिट आणि जमलं तर इंग्रजी ४०. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीला हे प्रमाणपत्र लागतं, आणि ते नसल्याने पात्र माणसं दरवर्षी बाहेर राहतात. दोन, सीसॅटचा जुना पेपर घड्याळ लावून सोडवा. ६६ च्या खाली आलात तर एमपीएससीबद्दलचा निर्णय तीन महिने पुढे ढकला. वर आलात तर घरी राहून पहिली पूर्व द्या. घरून दोन वर्षांहून जास्त निभावणार नसेल तर सोबतीला बँकेचा फॉर्म भराच.

आणि मोडीचा वर्ग लावायच्या आधी वडिलांना विचारून घरातले जुने जमिनीचे कागद बाहेर काढा. आजोबा-पणजोबांच्या वेळची खरेदीखतं, वाटणीपत्रं, पावत्या. सातारा भागात अशा कागदांत मोडी निघण्याची शक्यता भरपूर. उन्हात पसरू नका, सेलोटेप लावू नका, घड्या जोर लावून उलगडू नका. सावलीत सपाट ठेवून मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. गावाचं नाव, गट किंवा सर्व्हे नंबर, घराण्याचं आडनाव हे शब्द तुम्हाला आधीच माहीत आहेत, म्हणून अक्षरांची ओळख त्यांच्यापासून करायला सोपी जाते. सराव याच कागदांवर सुरू करा.